दुसऱ्या चालकाचं नाव

या, असे जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकून ऐकाल, तर गोष्ट तुमच्यापर्यंत पोहोचेतो निवून जाईल. आज राजाची सांगत नाही, राक्षसाची सांगत नाही. भाड्यानं घेतलेल्या एका गाडीची सांगते. हसलात? हसून घ्या. पुढे घाबरायचं आहे, तेव्हा हसायला सवड मिळायची नाही.

एक बाप होता आणि त्याच्या दोन मुली. बापानं उभा जन्म शाळेची बस चालवली. बसमधल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'सारथी', आणि ते असं चिकटलं की टपाल आणणारासुद्धा दारात उभा राहून "सारथी आहेत का?" असंच विचारायचा. त्यालाही ते आवडे. "प्रत्यक्ष भगवंतानं केलेली नोकरी माझ्या वाट्याला आली," म्हणायचा. "त्यानं घोडे हाकले, मी गिअर टाकले. पगार दोघांनाही बेताचाच."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरली मुलगी त्याच्याजवळ राहायची आणि चष्म्याच्या दुकानात काचा कापायची. यंत्रावर काच घासायची, पाण्याच्या बारीक धारेखाली फिरवायची, कड बोटानं चाचपायची, मग फ्रेमीत बसवून उजेडाकडे धरायची. रोज दुसऱ्यांच्या नजरा दुरुस्त करणारी मुलगी. धाकटी डोंगरापलीकडच्या गावात. तिचा नवरा जहाजावर आचारी, म्हणजे घरात कमी आणि पाण्यावर जास्त. त्या धाकटीला बाळ झालं. खोलीला ओल, शेजार नवा, नवरा समुद्रात. तेव्हा ठरलं की आई-बाळाला घरी आणायचं.

"मी आणणार," सारथी म्हणाला. "तुम्हा दोघींना दवाखान्यातून मीच आणलं. थोरलीला तर शाळेच्या रिकाम्या बसमधून. एवढी मोठी बस आणि आत एवढीशी सवारी! तुझी आई म्हणाली होती, नातवंडंही अशीच आणायची."

थोरली हसली. पण आतून ती गोठली होती. का, ते सांगते.

तिच्या दुकानात आठवड्यातून एकदा डोळ्यांचे डॉक्टर बसायचे. सारथी त्यांच्याकडे एकटाच जाऊन आला होता आणि घरी येऊन म्हणाला होता, "डोळे ठणठणीत." पण डॉक्टरांनी आधीच थोरलीला मागच्या खोलीत बोलावून सांगितलं होतं. म्हणाले, "वडिलांना मधलं दिसतं, म्हणून पेपर वाचतात. कडेचं गेलंय. उजेडातून सावलीत आले की काही वेळ काहीच दिसत नाही. हे परत येणारं नाही. त्यांना मी स्पष्ट सांगितलंय, गाडी बंद. तुम्ही लक्ष ठेवा."

तिनं लक्ष ठेवलं. संध्याकाळी चहा ओतताना धार कपाच्या बाहेर पडायची, तर तो म्हणायचा, "कपच वाकडा." जिन्यात हात भिंतीवरून सरकत जायचा. घरची जुनी गाडी तिनं 'खर्च फार' या सबबीवर विकायला लावली, आणि तो काही न बोलता तयार झाला, याचंच तिला जास्त भय वाटलं. बाप लपवत होता, मुलगी ओळखून होती, आणि दोघंही एकमेकांना हसून दाखवत होते. घराघरांत असं चालतं, माझ्या मायबापांनो. आपण देवापाशी सगळं सांगतो, आणि समोरच्या खुर्चीतल्या माणसापाशी नाही.

तर गाडी भाड्यानं घ्यायची ठरली. भाड्याच्या गाड्यांचं ऑफिस म्हणजे पेट्रोल पंपामागची काचेची खोली. आत एक टेबल, किल्ल्या टांगलेली फळी, आणि घसा बसलेला एक काउंटरवाला. तोंडातली खोकल्याची गोळी बोलता बोलता या गालातून त्या गालात सारायचा.

"ती पांढरी गाडी तुमची," तो म्हणाला. "आता विमा कुठला उतरवायचा, बोला."

"किती प्रकारचे असतात?" थोरलीनं विचारलं.

"साधा, त्याच्या वरचा आणि संपूर्ण. साध्यात तुम्ही दुसऱ्याला ठोकलंत तर त्याचं नुकसान आम्ही बघतो, आपल्या गाडीचं तुम्ही बघायचं. वरच्यात आपल्या गाडीचंही आम्हीच, पण सुरुवातीचा वाटा तुमच्या खिशातून. काच, टायर, आरसे त्यात धरत नाही."

"आरसे धरत नाही?" सारथी पुढे झुकला. "अहो, गाडीला बाकी काही नसलं तरी आरसा पाहिजे. मागे कोण रडतंय, कोण कुणाचा डबा खातंय, सगळं आरशात."

"म्हणून तर काका, संपूर्ण घ्या. ओरखडा, काच, चोरी, वरून दगड पडला, झाड पडलं, सगळं आलं. तुम्ही फक्त किल्ली आणून द्यायची."

"म्हणजे भीती तीन मापांत मिळते तुमच्याकडे. लहान, मधली, मोठी."

"मोठी घेतलीत की भीती आमची, झोप तुमची," काउंटरवाला म्हणाला आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन खोकला.

थोरली मात्र हसली नाही. तिची भीती त्या तिन्ही मापांत बसत नव्हती. तिनं विचारलं, "संपूर्ण म्हणजे आतली माणसंसुद्धा?"

गोळी गालात थांबली. "माणसांचा वेगळा असतो, ताई. हा गाडीचा."

"संपूर्णच घ्या मग," ती म्हणाली.

"चालवणार कोण?"

"मी," थोरली म्हणाली. "मी," सारथीही त्याच दमात म्हणाला.

काउंटरवाल्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "दोघं असाल तर दुसरा चालक म्हणून काकांचं नाव घालावं लागेल. नाव असलं की काका चालवताना काही झालं तरी आम्ही आहोत. पण नाव नसलेला माणूस स्टिअरिंगच्या चाकावर असेल आणि काही झालं, तर संपूर्ण असो की अर्धा, सगळा विमा गेला. मग तुम्ही, तुमचं नशीब आणि आमचं बिल."

"घाला की नाव! चांगलं ठळक घाला." सारथीनं परवाना टेबलावर ठेवला. त्याची मुदत अजून शिल्लक होती. फोटोतला माणूस तरुण होता आणि नजर रोखून बघत होता. "आणि कशासाठी चाललोय तेही लिहा. नातवंड आणायला."

"त्याला रकाना नाही, काका."

"नसू दे. मनात लिहा."

काउंटरवाल्यानं नाव घातलं, परवाना परत दिला. सारथी बाहेर गाडी बघायला गेला. ही त्याची जुनी रीत. आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा, प्रत्येक टायरला बुटाच्या टोकानं एक टिचकी, मग वाकून खाली तेल गळतंय का ते बघायचं. काचेतून थोरलीला तो दिसत होता. तिसऱ्या टायराशी त्याचा पाय टायर सोडून हवेत बसला. त्यानं पुन्हा अंदाज घेतला, पुन्हा टिचकी मारली, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मान वळवली.

थोरली टेबलावर वाकली. "नाव काढा."

"कुणाचं?"

"बाबांचं."

"अहो, आत्ता तर घातलं. काका चांगले चालवत असतील की."

"चालवायचे," ती म्हणाली.

एवढाच एक शब्द. पण काउंटरवाल्यालाही बाप असावा. त्यानं काचेबाहेर पाहिलं, गोळी कडकन चावली आणि नाव काढलं. "त्यांना सांगू नका," ती म्हणाली. त्यानं मान हलवली. सही करताना तिला वाटलं, आपण बापाच्या नावावर नव्हे, बापावरच काट मारतोय.

असं तिनं त्या दुकानातलं सगळ्यांत मोठं माप घेतलं, आणि बाहेर आली ती सगळ्यांत मोठी भीती पोटात घेऊन.

चढणीला लागल्यावर सारथीचं सुरू झालं. "दे आता माझ्याकडे."

"ही वळणं संपू देत, बाबा."

पुढे, "आता सरळ रस्ता आहे, दे."

"हात बसलाय माझा. नंतर."

"तुझं नंतर म्हणजे सरकारी नंतर. माणूस रिटायर होतो, काम होत नाही."

ती हसायची आणि चाक आणखी घट्ट धरायची. डोंगराच्या रस्त्यावर ती कधी चालवायला आली नव्हती. एका बाजूला ओला कडा, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा आणि त्यापलीकडे नुसता पांढरा धूर, खाली काय आहे ते न दाखवणारा. समोरून ट्रक आला की ती ब्रेक चेपायची. आणि शेजारून आवाज यायचा, "ब्रेक चेपू नकोस, दुसऱ्या गिअरवर घे. हं. गाडीला बोलू दे." इंजिनाचा सूर तो कानानं ओळखायचा. नुसतं ऐकलं असतं तर वाटलं असतं, या माणसाला सगळं दिसतंय.

मग बोगदा आला. लांबलचक, वाकडा. दोन्ही भिंतींवर पिवळ्या दिव्यांची रांग. गाडी आत शिरली तसा सारथी एकदम गप्प झाला. थोरलीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्याचा हात दाराच्या मुठीवर आवळला होता आणि मान इकडेतिकडे होत होती.

"काय गं," तो अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "बोगद्यातले दिवे बंद आहेत का?"

पिवळा उजेड त्याच्या गालावरून सरकत होता. एक दिवा, मग दुसरा, मग तिसरा.

"हो, बाबा," ती म्हणाली. "बंदच आहेत."

"तरीच. देखभाल म्हणून करत नाहीत हल्ली."

त्या बोगद्यात तिला जे वाटलं त्याला मी भीती म्हणते, कारण दुसरा शब्द माझ्यापाशी नाही. दरीची भीती वेगळी असते, तिला कठडा तरी असतो. ही भीती शेजारच्या सीटवर बसून देखभालीवर बोलत होती. तिनं मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि बाहेर पडेपर्यंत सोडलं नाही. लोक म्हणतात, सुखात नाव घ्यावं. घ्यावं की. पण भयात ते कुणी शिकवावं लागत नाही, आपसूक ओठावर येतं.

धाकटीकडे पोहोचले. बाळ कपड्याच्या गाठोड्यात गाठोड्याहून लहान. सारथीनं खिडकीपाशी, भरपूर उजेडात नेऊन ते चेहऱ्याजवळ धरलं. किती तरी वेळ बघत राहिला. नाक, कान, कपाळ, एकेक जागा सावकाश, पाठ करावी तसं. धाकटी म्हणाली, "बाबा, खाणार आहात की काय त्याला?" थोरली तोंड धुवायला म्हणून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी परतीला निघाले. धाकटी बाळाला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर, शेजारी सामान. पुढे थोरली चाकावर, सारथी बाजूला. आज तो मागत नव्हता, आणि त्यामुळेच ती जास्त सावध होती. दुपार कलली होती. ढग रस्त्यावर उतरले होते. बोगद्याच्या अलीकडे, कड्याच्या सावलीत एक चहाचं दुकान लागलं. आत मोठाले पांढरे दिवे, बाहेर सगळं करडं. बाळ रडत होतं, दुपटं बदलायचं होतं, म्हणून थांबले.

चहा झाला. थोरली थर्मासमध्ये गरम पाणी भरून घ्यायला दुकानाच्या मागल्या बाजूला गेली. किल्ली टेबलावर राहिली.

ती थर्मास घेऊन बाहेर आली तेव्हा टेबल रिकामं होतं आणि गाडीचं इंजिन सुरू होतं.

तिला आधी कळेचना. मग दिसलं. धाकटी मागे बसलेली, बाळ छातीशी, आणि चाकामागे सारथी. ताठ बसलेला, दोन्ही हात जागच्या जागी, जसा तो रोज शाळेच्या फाटकातून बस काढायचा तसा. खिडकी अर्धी उघडी होती. धाकटीचा आवाज आला, "बाबा, ताई येऊ दे की."

"येतेय ती. मी गाडी वळवून तोंड रस्त्याकडे करतो. आज घरी मीच नेणार. नाव घातलंय माझं विम्यात, उगाच का?"

थोरली धावली. ओरडावं असं तिच्या मनात आलं, पण ओरडणार काय? धाकटीला डोळ्यांचं ठाऊक नव्हतं. धाकटीदेखत, बाळादेखत बापाला "तुम्हाला दिसत नाही" असं ओरडून सांगायचं? त्या एका क्षणात हा विचार आला, बघा. माणूस मरणाच्या दारातही लाज राखायला बघतो. ती गाडीला वळसा घालून समोर आली. बॉनेटसमोर उभी राहिली आणि हात वर केला.

सारथीनं मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. सरळ, नजर रोखून, परवान्यावरच्या फोटोत पाहत होता तसं.

आणि गाडी पुढे आली.

बापाची नजर तिच्यावर होती आणि त्या नजरेत ती नव्हती. तो लख्ख दिव्यांतून सावलीत येऊन बसला होता. त्याच्यापुढे काळोखाशिवाय काही नव्हतं, आणि हे त्यालाच ठाऊक होतं. तरी आठवणीच्या भरवशावर तो गाडी पुढे घेत होता. तिच्या मागे चार पावलांवर कठडा. कठड्यामागे तो पांढरा धूर. गाडी तिच्या गुडघ्याला लागली, हळूच, मांजर अंग घासतं तशी. ती एक पाऊल मागे सरली. गाडी पुन्हा लागली. तिनं बाजूला उडी मारायला हवी होती. पण ती बाजूला झाली असती तर गाडी आणि कठडा यांच्यामध्ये कुणी उरलं नसतं, आणि गाडीत बाळ होतं.

तिनं थर्मास दोन्ही हातांनी उचलला आणि बॉनेटवर आपटला.

"बाबा!" मागून धाकटी किंचाळली. "ताई समोर आहे! बाबा, ताई!"

गाडी गचका खाऊन थांबली. इंजिन बंद पडलं. कुठं तरी पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. गंमत म्हणजे बाळ जागंसुद्धा झालं नाही.

"समोर कोण होतं?" खिडकीतून सारथीचा आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज. तो आवाज तिनं त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"मी होते."

"कुठं?"

"इथंच, बाबा. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात."

त्यानं किल्ली काढली आणि हात खिडकीबाहेर धरला. ती जिथं उभी होती त्याच्या जरा भलत्याच बाजूला. तिनं वळसा घालून त्याच्या हातातून किल्ली घेतली. हात बर्फासारखा गार होता.

"डॉक्टर बोलला वाटतं तुझ्याशी."

"तुम्ही घरी येऊन 'ठणठणीत' म्हणालात ना, त्याच्या आधीच."

"म्हणजे तू इतके दिवस..." तो थांबला. "आणि बोगद्यातले दिवे?"

तिनं बोगद्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"विम्यात माझं नाव?"

"काढलं, बाबा. तुम्ही टायर बघत होतात तेव्हा."

सारथी दार उघडून उतरला. छताला धरून उभा राहिला. "वा," तो म्हणाला. "पोरीनं बापाचं नाव काढलं."

हे वाक्य आपण कौतुकानं म्हणतो. मुलगी शिकली, मुलगा मोठ्या हुद्द्यावर गेला की शेजारीपाजारी म्हणतात. त्या कड्याखाली ते तसं निघालं नाही. थोरलीच्या कानात ते शिसं ओतल्यासारखं गेलं. धाकटी मागे तोंडात पदर कोंबून रडत होती. ती नंतर सांगायची, मला गाडी पुढे आल्याची इतकी भीती वाटली नाही, जितकी बाबांनी किल्ली बाहेर धरली तेव्हा वाटली.

थोरली चाकावर बसली. क्लच दाबला की गुडघा ठणकायचा. ढग काचेला येऊन चिकटले होते. बोगद्याचं तोंड समोर आ वासून होतं. शेजारी बाप होता, पण आज "दुसऱ्यावर घे" नव्हतं, "गाडीला बोलू दे" नव्हतं. त्या गप्प राहण्याला ती दरीपेक्षा जास्त भीत होती. तिला वाटलं, आपण कठड्यापासून गाडी वाचवली आणि बाप मात्र खाली ढकलला.

आत शिरले. पिवळे दिवे त्याच्या गालावरून सरकू लागले.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "आता दिवे आहेत का?"

"आहेत, बाबा. दोन्ही बाजूंनी. नीट रांगेत."

"जातानाही होते ना?"

"होते."

"हं." आणखी काही दिवे गेले. मग त्यानं हात पुढे केला. चाचपडत, आधी हवेत, मग तिच्या खांद्यावर. "फार चेपतेयस ब्रेक. वास येतोय. दुसऱ्यावर घे."

थोरलीनं दुसऱ्यावर घेतलं. डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं मनातल्या मनात म्हटलं, देवा, आत्ता रडू नको येऊ देऊस, आत्ता सगळे माझ्याच डोळ्यांच्या भरवशावर आहेत.

ऑफिस बंद व्हायच्या आत गाडी परत द्यायची होती, म्हणून ते घरी न जाता थेट पंपावर आले. काउंटरवाल्याचा घसा आणखी बसला होता. तो गाडीभोवती फिरला. दारं, आरसे, टायर. बॉनेटपाशी थांबला. तळव्यानं पुसून पाहिलं.

"हा खळगा नव्हता."

थोरलीनं थर्मास पाठीमागे लपवला, लहान मूल लपवतं तसा.

"बिघडलं नाही, संपूर्ण आहे तुमचा," सगळ्यांना खोलीत नेऊन कागद पुढे ओढत तो म्हणाला. "फक्त लिहिण्यापुरतं सांगा. गाडी उभी होती की चालू?"

"उभी..." थोरलीनं सुरुवात केली.

"चालू होती," सारथी म्हणाला. "मी चालवत होतो."

काउंटरवाल्यानं मान वर केली. त्यानं थोरलीकडे पाहिलं, मागे बाळ घेऊन उभ्या धाकटीकडे पाहिलं, मग आवाज खाली घेतला. "काका, नीट आठवून सांगा. उभ्या गाडीला काही लागलं असेल तर प्रश्नच नाही. घाई नाही. आठवा."

"हल्ली नीट दिसत नाही मला," सारथी म्हणाला. "आठवतं मात्र सगळं. मी चाकावर होतो आणि माझी मुलगी समोर होती. तिनं मारलं म्हणून थांबलो. नाही तर थांबलो नसतो. लिहा."

"मग विमा गेला, काका."

"जाऊ दे. तो गाडीचा होता. माणसांचा वेगळा असतो, तुम्हीच म्हणालात ना?" त्यानं परवाना काढला आणि तो काउंटरवाल्याला नव्हे, थोरलीच्या हातात दिला. आता बरोबर तिच्या हातात, कारण खोलीत लख्ख दिवा होता आणि ती समोरच उभी होती. मग टेबलावर थाप मारून म्हणाला, "ऐका हो साहेब, हिनं बापाचं नाव काढलं! तुमच्या समोर काढलं, तुम्ही साक्षीला आहात. अख्ख्या शहरात सांगा, सारथ्याच्या पोरीनं बापाचं नाव काढलं!"

काउंटरवाल्याला हसावं की काय ते कळेना. थोरली मात्र तोंडावर हात धरून एकाच वेळी हसू आणि रडू लागली. तेच शब्द, तोच माणूस. पण दुपारी ते दगडासारखे लागले होते, आता डोक्यावर हात ठेवल्यासारखे आले.

नुकसानीचं काय ते देऊन झालं. जाताना काउंटरवाल्यानं बाळाच्या दुपट्यात डोकावून विचारलं, "हिचं नाव काय?" आणि हो, गडबडीत मी तुम्हाला सांगायचं विसरलेच, ती मुलगी होती.

"अजून ठेवायचं आहे," सारथी म्हणाला. "आज बापाचं काढून झालं. आता घरी जाऊन बाळाचं ठेवू."

टॅक्सी आली. सारथी सवयीनं पुढच्या दाराशी गेला, थबकला, मग मागच्या सीटवर जाऊन बसला. धाकटीनं बाळ त्याच्या मांडीवर दिलं. बाहेर अंधारून येत होतं. अशा अंधारात त्याला काही दिसत नव्हतं, आणि यापुढे दिसणारही नव्हतं. तरी त्यानं एक बोट बाळाच्या मुठीत दिलं आणि टॅक्सीवाल्याला म्हणाला, "हळू घ्या बरं का. आत सवारी आहे."

झाली माझी गोष्ट. तुम्ही कधी अशा काचेच्या खोलीत उभे राहाल, कुणी तुमच्यापुढे तीन मापांची भीती मांडील आणि विचारील, "दुसरा चालक कोण?" तेव्हा घटकाभर थांबा. ज्यानं आपल्या हातानं किल्ली खिडकीबाहेर धरली आणि जो "मी चालवत होतो" म्हणाला, त्या सारथ्याची आठवण काढा. आणि देवापाशी त्याच्यासाठी थोडा उजेड मागा.